तान्ह्या पोळ्यापर्यंत

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या सगळ्या गोतात असं बोललं जातं की माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना आपणहून आमच्या मोठ्या आईच्या मांडीवर जाऊन बसला आणि दत्तक गेला. लग्नाकार्यात ही गोष्ट निघते, बायका डोळे पुसतात, माणसं माना हलवतात. पण तो आपणहून बसला नव्हता. त्याला मी पाठवलं होतं, आणि खोटं सांगून पाठवलं होतं.

एवढं लिहायला चाळिशी ओलांडावी लागली. आता लिहिलंच आहे तर सगळं सांगतो. त्यात हसण्यासारखंही पुष्कळ आहे. ते गाळलं तर तेही एक खोटंच होईल.

आम्ही सक्करदऱ्याचे. तेव्हा सक्करदरा म्हणजे नागपूरचं टोक. तळं, तळ्यात म्हशी, म्हशींवर आम्ही. बाबांची थोडी जमीन होती. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला करून ते पहाटे बाजारात नेत. आम्ही तीन भाऊ. वडिलांचे चुलत थोरले भाऊ गांधीबागेत कापडाचा धंदा करायचे. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा आणि त्यांच्या बायकोला मोठी आई म्हणतात, तसंच आम्ही म्हणायचो. आपल्या आईला आम्ही माय म्हणायचो. मोठ्या बाबांना मूलबाळ नव्हतं. एका उन्हाळ्यात ते आमच्या अंगणात बाजेवर बसले, रुमालानं मान पुसली आणि बाबांना म्हणाले, "एक लेकरू देशीन का गा मले?"

बाबांनी लगेच हो म्हटलं. कोणतं द्यायचं हा प्रश्नच नव्हता. थोरला मुलगा दत्तक देत नाहीत, तशी रीतच आहे. धाकटा शेंडेफळ, तो मायचा पदर सोडत नव्हता आणि माय त्याला सोडत नव्हती. राहिलो मी. मधला. थोरला भाऊ माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला, "चाल बे शेटजी, आता गादीवर बसून कापड फाडजो." शेजारपाजारचे मला तेव्हापासून शेटजीच म्हणायला लागले.

मी अकरा वर्षांचा होतो आणि मला जायचं नव्हतं. गांधीबागेचं घर मी पाहिलं होतं. पुढे दुकान, मागे लांबच लांब अंधारं माजघर, आणि त्यात दोन माणसं इतक्या हळू बोलायची की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा वाटे. तिथे तळं नव्हतं, म्हशी नव्हत्या. आणि माय नव्हती, हे खरं कारण. पण अकरा वर्षांच्या पोरानं ते तोंडानं म्हणायचं नसतं.

श्रावणात विधी ठरला. आदल्या दिवशी मोठ्या बाबांचे ओळखीचे वकील आले. बारीक माणूस, काळा कोट छत्रीच्या दांडीला अडकवून खांद्यावर टाकलेला. दत्तकाचा नवा कायदा येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि वकीलसाहेबांना तो फार आवडला होता. आमच्या ओट्यावर बसून, ताक पीत, त्यांनी तो बाबांना समजावून सांगितला. होमहवन करा न करा, कायद्याला फरक नाही. पण मूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात प्रत्यक्ष गेलं पाहिजे. मूल पंधराच्या आतलं हवं. आईची संमती हवी, नुसत्या बापाचं चालायचं नाही. माय दाराआड उभी होती. तिला त्यांनी बाहेर बोलावून हे पुन्हा सांगितलं. ती पदर सावरून म्हणाली, "मले कोण विचारते, साहेब." ते म्हणाले, "मी उद्या विचारणार, वहिनी. सगळ्यांसमोर." आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि यालाही."

बाबा हसले. "पोट्ट्याले काय विचारता साहेब? बैल देताना आपण बैलाले विचारतो का?"

"बैल विकता येतो, म्हणून विचारत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "पोरगा विकता येत नाही. तसं कलमच आहे. एक दमडी द्यायची नाही, घ्यायची नाही. पोराला विचारा असं मात्र कायद्यात कुठे नाही. ते माझं स्वतःचं."

बाबांना ते पटलं नाही, पण वकिलाशी वाद कोण घालणार. मी मात्र त्या ओट्यावरच गार पडलो. म्हणजे उद्या मला विचारणार. "नाही" म्हटलं तर बाबांचा शब्द पडणार, चार माणसांत मान खाली जाणार. "हो" म्हटलं तर गेलोच. त्या भल्या माणसानं माझ्या हातात एक दार ठेवलं होतं आणि मला ते उघडता येत नव्हतं. मग मी ते दुसऱ्यासाठी उघडलं.

धाकटा गोठ्यात वासराच्या कानात काहीतरी सांगत बसला होता. तो सतत बोलायचा. माणूस नसला तर जनावराशी, जनावर नसलं तर भिंतीशी. गुबगुबीत, कायम भुकेला. त्याच्याशेजारी बसून मी म्हटलं, "मोठ्या बाबाकडं तान्ह्या पोळ्याचा बैल आहे, माहीत आहे का तुले?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांचा. लाकडाचे बैल चाकांवर बसवून, सजवून दारोदार न्यायचे आणि घरोघर बोजारा मिळवायचा. म्हणजे कुणी खाऊ देतं, कुणी नाणं. आमच्या घरी तिघांत मिळून एक बैल होता, वीतभर, एका कानाचा. मोठ्या बाबांकडचा बैल त्यांच्या आजोबांच्या वेळचा होता. मी तो पाहिला होता. दरवर्षी मोठी आई त्याला पुसायची, नवी झूल शिवायची, आणि ओढायला घरात कुणी नसल्यामुळे तो दारात नुसता उभा राहायचा.

"केवढा आहे?" धाकट्यानं विचारलं.

"आपल्या गोऱ्ह्याएवढा."

"शेण टाकते का?"

"लाकडाचा आहे बे."

"मंग खाते काय?"

"काहीच नाही खात. त्याच्या वाटचं सगळं ओढणाराच खाते."

हे त्याला फार मोठं वाटलं. तो उभाच राहिला. मग मी सांगितलं की उद्या वकीलसाहेब विचारतील, कोण जाते मोठ्या बाबाकडं. जो जाईल त्याचा बैल.

"आणि माय?"

"माय इथंच आहे नं. तान्ह्या पोळ्यापर्यंत जायचं फक्त. मंग मी येतो तुले घ्यायले."

"तूच येशीन?"

"मीच येईन."

त्यानं वासराला जाऊन सांगितलं. मी तिथेच बसून ऐकलं. त्यानं माझं वाक्य शब्दन् शब्द पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव, भटजी, पाहुणे, चुलीवर वडाभाताची तयारी. मोठ्या आईनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती पाटावर अशी बसली होती की जणू परीक्षेला बसली आहे. वकीलसाहेबांनी कोट अंगात घातला, त्या उकाड्यात, आणि उभं राहून आधी मायला विचारलं. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "आहे संमती." मग ते माझ्यापुढे वाकले. "बाळ, कुणाला घाबरू नकोस. तुझ्या मनात जायचं आहे का?"

मी जे उत्तर दिलं ते रात्रभर घोकलेलं होतं. "मी जाईन. पण याले माझ्यापेक्षा जास्त जायचं आहे."

"मले जायचं आहे!" धाकटा मागून ओरडला. माणसांच्या पायांमधून वाट काढत तो आला, मोठ्या आईपुढे उभा राहिला, तिला नीट न्याहाळलं आणि तिच्या मांडीवर चढून बसला. वर तिची बोटं धरून आपल्या पोटावर ठेवली. मायजवळ तो तसाच बसायचा.

सगळे हसले. भटजी हसले, बाबा हसले. मोठी आई हसली नाही. तिनं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. मोठ्या बाबांनी रुमाल काढला. कुणीतरी म्हणालं, "आता याले कोण उठवते?" आणि मला म्हणाले, "शाब्बास रे शेटजी, भावासाठी जागा सोडली." माझी पाठ थोपटली गेली. एकदा नाही, पुष्कळांनी थोपटली.

वकीलसाहेबांचं काम मात्र वाढलं. ते मायकडे वळले. "वहिनी, तुमची संमती त्या मुलाबद्दल होती. आता या मुलाबद्दल पुन्हा विचारायला हवं."

माय धाकट्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघून खुशीत मान हलवत होता, बैल मिळाल्यासारखा. अंगणात सगळी हसती तोंडं. त्या तोंडांत "नाही" म्हणणारी बाई कुठून आणायची? ती म्हणाली, "त्याचंच मन असन तर मी कायले आडवी येऊ."

तरीही संपलं नाही. कायद्याला देणं आणि घेणं हवं होतं, आणि धाकटा तर आधीच जाऊन बसलेला. म्हणून त्याला मांडीवरून उठवलं, बाबांच्या हातात दिलं, आणि बाबांनी पुन्हा मोठ्या आईच्या ओटीत घातला. "किती वेळा बसू आता?" असं त्यानं विचारलं तेव्हा वकीलसाहेबही खळखळून हसले.

पंगत बसली. कुणी पाहुणा चेष्टेनं म्हणाला, "पोट्टं दोन दिवसांत रडून परत आलं तर?" वकीलसाहेब पानावर कढी ओतून घेत म्हणाले, "परत नाही. झालेलं दत्तक रद्द होत नाही. ना यांना मोडता येतं, ना त्यांना, ना त्या पोराला. आणि ते बरोबर आहे. उद्या नको झालं म्हणून कुणी पोर परत टाकू नये, म्हणून कायद्यानं तशी सोय केली आहे. पोराच्या भल्याचीच आहे."

माझ्या तोंडात वडा होता. तो मी बराच वेळ चावत राहिलो.

मी असं धरून चाललो होतो की तान्हा पोळा झाला की बघू. रडेल, आणतील, मग पुढचं पुढे. परत येणारच नाही असं माझ्या हिशेबात नव्हतं. पोराला कुणी टाकू नये म्हणून घातलेली कडी मी आपल्या हातानं त्याच्यामागे लावली होती. त्या कायद्यात वाईट काहीच नव्हतं. वकिलात तर नव्हतंच. त्या अंगणात पोराला माणूस समजणारा तो एकटाच होता. फक्त पोरानं दिलेलं उत्तर त्याच्या तोंडात कुणी घातलं, हे बघायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? घालणारासुद्धा पोरच होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी टांग्यानं मी एकटाच गांधीबागेत गेलो. शब्द दिला होता. जुन्या शहरात त्या दिवशी मारबतीची, म्हणजे रोगराई गावाबाहेर घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. धाकटा दारात माझी वाट बघत उभा होता. जरीची टोपी, डोळ्यांत काजळ, अंगानं आणखी गोल. शेजारी बैल. मखमलीची झूल, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड. मला बघताच तो म्हणाला, "पाह्य, खरंच शेण नाही टाकत."

ती दुपार माझ्या लहानपणातली सगळ्यात आनंदाची आहे, हे कबूल करायला लाज वाटते, पण तशी आहे. आम्ही दोघांनी तो बैल गल्लीगल्लीतून ओढला. चाकं दगडांवर खडखडायची, घुंगरं वाजायची. कापडवाले व्यापारी गादीवरून उतरून बैलाला हळदकुंकू लावत आणि बोजारा देत. "कोणाचा रे तू?" असं विचारलं की धाकटा ऐटीत म्हणायचा, "बैलाचा." मोठ्या बाबांच्या दुकानावरून जाताना ते गिऱ्हाईक सोडून बाहेर आले आणि आमच्यामागून दोन पावलं चालले. त्यांना तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी बैल आत ठेवला. धाकटा माजघरात गेला आणि गमछ्यात बांधलेलं बोचकं घेऊन आला. त्याचा सक्करदऱ्याचा जुना सदरा त्यात होता, आणि माझ्या वाटचा अर्धा बोजारा. जरीची टोपी त्यानं काढून बैलाच्या शिंगाला अडकवली होती.

"चाल," तो म्हणाला.

मोठी आई आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला की नाही ते मी पाहिलं नाही. मी हळूच म्हटलं, "माय म्हणे, दिवाळीपर्यंत राहू दे."

"काहून?"

"अशीच म्हणे."

तो खाली बसला. मग बोचकं सोडून खाऊ माझ्या हातात दिला. "हे मायले देजो. तुले नाही आता. तू दिवाळीले ये, मंग देतो." आणि टोपी काढायला बैलाकडे गेला.

घरी मी खाऊ मायला दिला. तिनं तो हातात धरूनच विचारलं, "येतो म्हणे का तो?"

"नाही," मी म्हणालो. "रमला."

मी दुसरं काही म्हणालो असतो तर कायद्यानं काही झालं नसतं हे मला माहीत होतं. पण माय तशीच पायी गांधीबागेपर्यंत गेली असती, हेही माहीत होतं.

दिवाळीत तो आला, मोठ्या आईचं बोट धरून, पाहुण्यासारखा. वासराला भेटला, तळ्यावर गेला, चकल्या खाल्ल्या. मी दिवसभर वाट बघत होतो की आता विचारेल. जाताना तो टांग्यात आधी चढला आणि मोठ्या आईला म्हणाला, "माय, सरक नं." "मोठी" हा शब्द गळून गेला होता. त्यानं मला काहीच विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

मायजवळची चुलीपाशची त्याची जागा मला मिळाली. पहिली भाकर त्या बाजूला वाढायची तिच्या हाताला सवय होती, आणि तिथे मी बसलेला असायचो. पाच-सहा वर्षं मी ती पहिली भाकर खाल्ली.

तो छान वाढला, हे सांगायलाच हवं. माझ्यापेक्षा सुखात वाढला. सत्तरच्या दशकात त्यानं दुकान हातात घेतलं आणि त्या अंधाऱ्या माजघराला खिडक्या पाडल्या. त्याच्या बोलण्यानं गिऱ्हाईक पातळ घ्यायला येतं ते लग्नाचा बस्ता बांधून जातं. मी शाळेत मास्तर झालो. मी दुकानात गेलो की तो गादीवरूनच पुकारतो, "या मास्तर. हा सदरा माझ्या लग्नातला नाही का गा? गांधीबागेत भाऊ असून असं फिरून राहिला, माझी अब्रू जाते नं." आणि बळेच कापड फाडून देतो. म्हाताऱ्या मोठ्या आईला उचलून खुर्चीवर बसवायचा तोच. सुनेला हात लावू द्यायचा नाही. ती आल्यागेल्याला सांगायची, "आम्ही नाही वं घेतलं याले. यानंच आम्हाले घेतलं." हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की माझ्या तोंडातला शब्द आत जायचा. मी गप्प का राहिलो याचं ते एक कारण. फक्त तेच कारण होतं असं मात्र म्हणवत नाही.

वकीलसाहेब एकदा, ऐंशी सालच्या सुमारास, मला महाल भागात भेटले. वाकले होते. माझा हात धरून म्हणाले, "कोर्टात उभा जन्म गेला. पोराला विचारून केलेलं ते एकच काम. आणि कसं निघालं बघ." मी त्यांना रस्ता ओलांडून दिला.

शाळेत मी मुलांना पुष्कळदा काही ना काही विचारतो. कुणी मारलं, कुणाला नाटकात काम करायचं आहे, कुणाला घरी जायचं आहे. मूल "हो" म्हणालं की मी आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. सहकारी म्हणतात, मास्तर फार संशयी आहेत.

बाबा गेले, माय जाऊनही बरीच वर्षं झाली. तिला ठाऊक झालं नाही. मोठे बाबा तिच्या आधीच गेले. मागच्या हिवाळ्यात मोठी आईही गेली. तेराव्याला जेवणं झाल्यावर धाकट्यानं, डोक्याचे केस नुकते उगवू लागलेले, जमलेल्या माणसांना ती गोष्ट सांगितली. हसवत सांगितली, तिची नक्कल करत, किती वेळा बसू म्हणालो तेही. शेवटी म्हणाला, "लोकांना आई मिळते. मी माझी निवडली. दादा साक्षीला आहे, विचारा त्याले."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "होय."

आता ज्यांना जपायचं असं कारण सांगता येईल ती माणसं राहिलेली नाहीत. गोठ्यात बोललेले तो आणि मी उरलो आहोत. त्याला ते बोचकं आठवतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. हे छापलं गेलं तर त्याची मुलगी वाचेल आणि त्याला दाखवेल. त्याच्याआधी मला गांधीबागेत जाऊन, दुकानातली माणसं बाहेर पाठवून, त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे, की त्या दिवशी दत्तक माझं ठरलं होतं, तुझं नाही; तुला मी फसवलं; तू परत यायला निघाला होतास आणि ते मी मायला सांगितलं नाही. एवढं मी त्याला लागतो. अजून दिलेलं नाही.